कडीचा रुपया आणि घासलेली राणी

पैनगंगेच्या अलीकडे कलदार चालायचा, पलीकडे हाली. नदी एकच, बाजाराला येणारी-जाणारी माणसंही बरीचशी तीच. पण या काठावरचा रुपया इंग्रजांच्या टांकसाळीत पाडलेला आणि त्या काठावरचा निजामाच्या. साधारण सात हाली दिले की सहा कलदार मिळत. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं आणि आजचा यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत कागदोपत्री ‘वणी जिल्हा’ होता. पलीकडचं हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आलं, तरी हाली शिक्का १९५९ पर्यंत रेंगाळलाच.

झरी जामणी हा त्या शिवेवरचा तालुका. गोंड-कोलामांची वस्ती मोठी, पोडापोडांतून, म्हणजे छोट्या पाड्यांतून, विखुरलेली. या भागात जुनी नाणी तिजोरीत कमी राहिली आणि गळ्यात जास्त. चांदीच्या रुपयाला सोनाराकडून कडी डाखून घ्यायची, असे पाच-दहा रुपये दोऱ्यात ओवायचे, की रुपयांची माळ तयार. गोंड आणि बंजारा बायांच्या अंगावरचा हा दागिना म्हणजे त्यांची बँक होती. लग्न निघालं, दुखणं आलं, बैल मेला, की त्यातला एखादा रुपया सुटायचा आणि पीकपाणी बरं झालं की पुन्हा ओवला जायचा. त्यामुळे एकाच माळेत इंग्लंडच्या राणी-राजाचे मुखवटे असलेले राणीछाप, राजाछाप आणि चारमिनाराचं चित्र असलेला निजामाचा रुपया शेजारी शेजारी बसलेले दिसतात. या मुलखाचा दीडशे वर्षांचा हिशेब एका दोऱ्यात.

अशी माळ मोडीत निघाली की पुढचा प्रवास ठरलेला. कलदार रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांतले अकरा भाग शुद्ध चांदी. ‘रुपयाभार’ हे वजनच होतं, रुपया तराजूत टाकून सराफ माल जोखत. त्यामुळे माळ विकली जाते ती वजनावर, सालावर नव्हे. मग एखाद्या चौकस व्यापाऱ्याच्या लक्षात येतं की यातल्या एका रुपयाला चांदीपेक्षा जास्त दाम येईल. कडी कापली जाते. डागाचा उंचवटा कानशीने उतरवला जातो. मग तेजाबाची बुडी, रिठ्याचं पाणी, पितळी तारांचा ब्रश. काल काळपट, मळकट असलेली राणी आज कपबशीसारखी लख्ख होऊन शहरातल्या नाणे प्रदर्शनाच्या टेबलावर येऊन बसते आणि शेजारच्या काळवंडलेल्या रुपयाकडे नवखा संग्राहक ढुंकूनही बघत नाही.

असा घासलेला दुर्मीळ रुपया घ्यावा का? बहुतेक वेळा घेऊ नये. पण ‘घासलेलं नाणं’ ही एकच जात नाही. सरसकट नाक मुरडणारे संग्राहक आणि सरसकट भुलणारे संग्राहक, दोघेही आपापल्या परीने फसतात.

आधी न घेण्याची कारणं. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्यावं. आजोबांच्या ट्रंकेत कागदात गुंडाळून राहिलेला, फारसा न वापरलेला एक रुपया आणि तसाच पण पॉलिश केलेला दुसरा रुपया दिव्याखाली शेजारी ठेवावेत. पहिला हातात हळू फिरवला की प्रकाशाचा पट्टा नाण्याभोवती चाकाच्या आऱ्यासारखा फिरतो. ठशाचा दाब पडतो तेव्हा धातू मध्यापासून कडेकडे सरकतो, त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेघा पृष्ठभागावर राहतात आणि तेज येतं ते त्यांच्यामुळे. दुसरा रुपया चमकतो, पण त्याची चमक जागची हलत नाही. स्टीलच्या ताटासारखी सपाट, सगळीकडे सारखी. भिंगाखाली त्यावर केसासारखे बारीक ओरखडे दिसतात, सगळे एकाच दिशेने, कारण हात एकाच दिशेने फिरला होता. अक्षरांच्या खोबणीत मात्र काळा मळ तसाच राहिलेला. तेजाबात बुडवलेल्या नाण्यावर ओरखडे नसतात. तिथे काळ्या थराबरोबर खालची चांदीही थोडी विरघळते आणि त्या सरकत्या रेघा बोथट होतात. दोन-तीनदा बुडवलं की रुपया पांढराफटक, आजारी माणसासारखा दिसू लागतो. चांदीवरचा काळा थर म्हणजे गंधकाशी झालेली रासायनिक क्रिया. तो नाण्याच्याच धातूचा बनलेला असतो. तो काढायचा म्हणजे नाण्याचं कातडं सोलायचं.

हे तेज पुन्हा आणता येत नाही. जगातल्या कुठल्याही सोनाराला नाही.

शिवाय जे जातं ते फक्त तेज नसतं. राणीच्या रुपयांचंच घ्या. १८६२ हे साल छापलेले रुपये त्या एकाच वर्षी पाडलेले नाहीत. तेच साल ठेवून पुढे सुमारे दहा-बारा वर्षं ते निघत राहिले आणि मुंबईच्या टांकसाळीने वर्षं ओळखू यावीत म्हणून मागच्या बाजूला बारीक ठिपके घालण्याची युक्ती काढली. ठिपका कुठे आहे, किती आहेत, यावरून जाणकार नाण्याची जात ठरवतात. एका ठिपक्याने साध्या रुपयाचा दुर्मीळ रुपया होतो. आता पितळी ब्रश घेऊन बसलेल्या माणसाला हे ठिपके म्हणजे मळाचा कणच वाटणार.

१९११ सालच्या पंचम जॉर्जच्या रुपयाची गोष्ट तर बाजारातल्या पोरालाही ठाऊक असते. राजाच्या झग्यावरच्या साखळीत एक इवलासा हत्ती आहे. त्याची सोंड आणि शेपूट इतकी आखूड कोरली गेली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांची धर्मभावना दुखावेल म्हणून सरकारने नाणं मागे घेतलं. सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते, त्यातले जेमतेम सात लाख बाहेर गेले आणि उरलेले वितळवले. १९१२ मध्ये हत्ती सुधारून नवा ठसा आला. संग्राहक या रुपयासाठी जादा पैसे मोजतात ते त्या हत्तीसाठी. आणि घासण्यात सगळ्यांत आधी जाते ती असलीच बारीक नक्षी. हत्तीच पुसलेला १९११ चा लख्ख रुपया म्हणजे नवरदेव नसलेली वरात.

तांब्याची तऱ्हा आणखी निराळी. शिवराईच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ही नाणी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर पुढे दोनशे वर्षांहून जास्त काळ या ना त्या रूपात चालत राहिली, अनेक टांकसाळींत पाडली गेली आणि प्रत्येक ठसे कोरणाऱ्याचं शुद्धलेखन वेगळं होतं. कुणी ‘शिव’ कोरलं, कुणी ‘सिव’, कुणी दीर्घ वेलांटी दिली. संग्राहक या फरकांवरूनच प्रकार पाडतात. शाळेत ज्या चुकीला मार्क कापले जात, त्या चुकीला इथे किंमत मिळते! अशी शिवराई चिंच-मीठ लावून किंवा भांडी घासायच्या पावडरीने उजळली की ती नारिंगी-गुलाबी, ओल्या जखमेसारखी दिसते आणि वेलांटीची जेमतेम उंचावलेली रेघ तांब्यात मिसळून जाते. तांब्यावर शंभर-दोनशे वर्षांत बसलेलं तपकिरी किंवा गडद हिरवं घट्ट पुट हे खालच्या धातूचं कवच असतं. ते काढलं की नाणं नव्याने गंजायला मोकळं.

घासण्याची ही खोड फक्त खेड्यातल्या सोनाराची आहे असं कुणी समजू नये. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत त्यांचा स्वतःचा नाणेसंग्रह होता, टांकसाळीतूनच थेट आलेली खास नाणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुट्टीत तिथल्या एका अतिउत्साही नोकराने बाजारातून धातू चमकवण्याचं पॉलिश आणलं आणि काळवंडलेली नाणी घासून काढली. पुढे त्या नाण्यांवर पांढरा थर दिसू लागला. १९०३ मध्ये फॅरन झर्ब या नाणेतज्ज्ञाने ही हकिगत प्रसिद्ध केली. ज्या संस्थेने ती नाणी पाडली तिच्याच छपराखाली त्यांचं वाटोळं झालं, आणि तेही माणसाच्या चांगल्या हेतूपायी.

इथपर्यंत पाश्चात्त्य नाणेतज्ज्ञ आणि इथला जाणकार संग्राहक यांच्यात मतभेद नाही. फाटा फुटतो तो पुढे.

अमेरिकन पद्धतीत नाण्याला सत्तरपैकी गुण देतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तिकडच्या जुन्या सेंटसाठी ही पट्टी काढली. पुढे १९८६-८७ पासून मोठ्या कंपन्या नाणी तपासून, प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून त्यावर गुण छापू लागल्या. घासलेल्या नाण्याला त्या आकडा देत नाहीत. ‘साफ केलेलं’ असा शेरा मारून मोकळ्या होतात. आपल्याकडचे शहरी संग्राहकही आता या डब्यांच्या मागे लागले आहेत आणि शेरा असलेलं नाणं त्यांच्या लेखी अस्पृश्य ठरतं. ही पट्टी जिथे जन्मली तिथे नाणं एकतर खिशात असतं किंवा कपाटात. मराठी घरात ते देव्हाऱ्यात असतं, त्याचं काय करायचं?

धनत्रयोदशीला, लक्ष्मीपूजनाला बंदे रुपये बाहेर निघतात. चिंचेच्या कोळाने किंवा रिठ्याने धुवून, पुसून, तबकात मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं जातं. दरवर्षी. काही घरांत शंभर शंभर वर्षं. अशा रुपयाच्या राणीच्या केसांत कुंकवाचा लाल कण अडकलेला असतो, कडा हाताळून गुळगुळीत झालेल्या असतात आणि धुण्याच्या खुणा एकमेकींवर चढून मऊ पडलेल्या असतात. भिंगाखाली हे नाणं ‘साफ केलेलं’च ठरेल. पण विकण्याआधी झटपट उजळलेला रुपया आणि हा पूजेचा रुपया यांना एका पारड्यात घालणं म्हणजे जीर्णोद्धार आणि रंगरंगोटी एकच मानणं. पहिल्यात लबाडी आहे. दुसऱ्यात वापर आहे. पूजेच्या रुपयाला अव्वल प्रतीचा भाव देऊ नये हे खरं, पण तो सांभाळून ठेवावा, हेही तितकंच खरं.

जमिनीतून निघालेल्या नाण्यांच्या बाबतीत तर ‘घासलेलं नकोच’ हा नियम लागूच होत नाही. कारण ती साफ केल्याशिवाय वाचताच येत नाहीत. १९३९ मध्ये तऱ्हाळा या गावी, आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यात, सातवाहनांच्या सुमारे १६०० नाण्यांचा साठा सापडला. पोटिन, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रधातूची नाणी. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह आणि हत्तीभोवती राजाचं नाव. पण नाणं लहान नि ठसा मोठा, त्यामुळे एकेका नाण्यावर नावाची दोन-चार अक्षरंच उमटलेली. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती अक्षरं जुळवून वाचली तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली नावं पुढे आली. विदर्भाच्या इतिहासात राजांची भर पडली ती नाण्याच्या कडेवरच्या अर्ध्यामुर्ध्या अक्षरांनी. कुणी ती नाणी आधीच वाळूने घासून ‘चांगली’ केली असती तर हे राजे पुन्हा मातीत गेले असते, आणि या वेळी कायमचे.

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये सव्वातेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली. क्षत्रप नहपानाची ती नाणी. पण त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. त्याच्या चैत्याखालून आणि उज्जैन चिन्हाखालून पराभूत राजाचा चेहरा अजून डोकावतो. कुणी कुणाला हरवलं, हे त्या दोन ठशांच्या एकावर एक असण्यातून कळतं. हा खालचा पुसट चेहरा किती नाजूक, हे कुणी सांगायला नको.

म्हणजे प्रश्न साफ केलं की नाही हा नसून कुणी केलं, कशाने केलं आणि कुठे हात थांबवला, हा आहे. संग्रहालयातला रसायनतज्ज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली मातीचा थर कणाकणाने उतरवतो आणि पुटाला हात लावत नाही. एक अपवाद: तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी पूड येत असेल तर तो रोग असतो. क्षार आणि दमट हवा मिळून धातू आतून खातात. तिथे उपचार करावेच लागतात. पण तेही तज्ज्ञाने, आणि तोवर नाणं कोरड्या हवेत वेगळं ठेवायचं.

आता शेतात नांगराला लागलेला गाडग्या-मडक्यातला साठा तज्ज्ञापर्यंत पोचत का नाही? याचं उत्तर बरंचसं कायद्यात आहे. भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, नाहीतर वर्षभरापर्यंतचा तुरुंग, दंड किंवा दोन्ही. हो, आजही दहाच रुपये. धनाला जुना मालक निघाला नाही आणि आपसांत वेगळा करार नसला तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा, एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला ते घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. धातूची किंमत! सातवाहनांच्या पोटिनच्या नाण्यात तांबं आणि शिसं असून असून किती असणार? हजार-दीड हजार नाणी देऊन हातात येणार भंगाराचा भाव आणि तलाठ्यापासून तहसीलपर्यंतच्या खेपा. मग कापसाच्या भावाने पिचलेला शेतकरी कळवण्याऐवजी तोंड मिटतो, तर नवल काय? माल फेरीवाल्याकडे जातो. फेरीवाला त्याची ओळख लपवायला आणि डोळ्यांत भरवायला तो घासतो. कुठे सापडला, कशासोबत सापडला, ही माहिती त्या क्षणी नाहीशी होते.

इंग्लंडमध्ये एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेट परगण्यात फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प नावाच्या, इस्पितळात आचारी असलेल्या छंदिष्टाला शेतात रोमन नाण्यांचं मडकं लागलं. वरची थोडी नाणी दिसताच त्याने उकरणं थांबवून पुरातत्त्व खात्याच्या लोकांना बोलावलं. मडक्यातला एकेक थर वेगळा काढला गेला. ५२,५०३ नाणी निघाली, ती ब्रिटिश म्युझियममध्ये धुवून सुकवली, आणि सॉमरसेटच्या संग्रहालयाने ३,२०,२५० पौंड मोजून ती विकत घेतली. हे पैसे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटले गेले. क्रिस्प आपल्या शेतकऱ्याहून जास्त प्रामाणिक होता असं मुळीच नाही. प्रामाणिकपणा परवडेल असा कायदा त्याच्या पाठीशी होता. आपल्याकडे धातूच्या भावाची जागा बाजारभावाने घेतली तर निम्मा चोरटा व्यापार आपोआप बसेल, आणि घासण्याचाही बराच भाग.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं जुनं नाणं ही पुरावस्तू आहे. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. डुक्करछाप १९११ चा रुपया २०११ सालीच या व्याख्येत बसला. न्यू जर्सीतल्या नातवाला आजीने बॅगेतून शिवराई पाठवणं हे प्रेमळ असलं तरी बेकायदा आहे. आणि जुनी नाणी लाखोंनी विकून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढूनच सांगितलं होतं. बँकेच्या नावाने असा व्यवहार करायला तिने कुणालाही नेमलेलं नाही.

तर मग घासलेलं दुर्मीळ नाणं घ्यायचं कधी? विकणारा स्वतःहून सांगत असेल की हे साफ केलेलं आहे, आणि दाम त्याच बोलीचा लावत असेल, तेव्हा. धड नाण्याच्या निम्म्या किमतीच्या वर जाण्याचं काहीच कारण नाही. दुसरं, ज्या नाण्याचे मोजके नगच जगात उरलेत आणि धड प्रत आयुष्यात आपल्या वाट्याला येण्याची शक्यता नाही, ते खुशाल घ्यावं. जमिनीतून निघालेल्या, पण योग्य मार्गाने आलेल्या प्राचीन नाण्यांत तर दुसरा पर्यायच नसतो. पण १८६२ चा साधा रुपया, १९१८ चा रुपया, १९४० ते ४५ मधले निम्म्या चांदीचे रुपये हे ढिगांनी मिळतात. त्यांतला घासलेला घेणं म्हणजे मंडईत ताजी मेथी समोर असताना पाणी मारून टवटवीत केलेली शिळी जुडी उचलणं.

चमक बनावटीचं सोंगही झाकते, हे विसरू नये. ओतीव नाण्यावर हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे असतात, ते पॉलिशखाली बुजतात. उलटही चालतं. घासून टाकलेल्या रुपयाला रसायनांत बुडवून किंवा धूर देऊन पुन्हा काळं केलं जातं. असा काळेपणा निळसर-जांभळा, भडक आणि वरवरचा असतो, उंच भागांवरही तितकाच आणि खोबणीतही तितकाच. खरा काळेपणा खोबणीत दाट, उंचवट्यावर विरळ असतो. ज्याला हे पाहून शिकायचं असेल त्याने नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय पाहावं. विदर्भातल्या माणसाने नागपूरचा अजब बंगला, म्हणजे १८६३ पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय, गाठावं. मराठा टांकसाळींच्या नाण्यांवर माहेश्वरी आणि विगिन्स यांचं १९८९ चं इंग्रजी पुस्तक अजूनही हाताशी ठेवावं असं आहे. पहिलं नाणं विकत घेण्याआधी शंभर नाणी नुसती पाहावीत.

आणि आता पुन्हा झरीच्या माळेकडे. संग्राहकांच्या भाषेत कडी लावलेलं नाणं ‘दुखावलेलं’ असतं. म्हणूनच कडी कापून, डाग घासून ते ‘दुरुस्त’ केलं जातं. ही दुरुस्ती म्हणजे दुहेरी नुकसान. कडेवरचा डाग कितीही घासला तरी भिंगाखाली सपाट, पिवळसर ठिपका दिसतोच, म्हणजे नाणं निर्दोष होत नाही ते नाहीच. आणि हातची गोष्ट मात्र जाते. कडी असलेला रुपया सांगतो की तो टांकसाळीतून निघून वणीच्या किंवा पांढरकवड्याच्या बाजारात आला, कुणा सोनाराने त्याला डाखलं, आणि मग तो कुणा बाईच्या गळ्यात दोन-तीन पिढ्या झुलला. राणीचा चेहरा बाहेर आणि मागची बाजू छातीला घासून गुळगुळीत, ही झीजही माळेचीच. एकाच दोऱ्यातले कलदार आणि हाली तर पैनगंगेच्या दोन काठांच्या व्यवहाराचा पुरावा आहेत, तोही कुठल्या दप्तरात नोंद नसलेल्या माणसांचा. संग्राहकाने अशी माळ घेतली तर दोऱ्यासकट, कडीसकट, मळासकट घ्यावी. कुठल्या भागातली, कुठल्या समाजातली एवढं चिठ्ठीवर लिहून ठेवावं. आणि चांदीच्या भावाच्या वर चार पैसे त्या घराला द्यावेत, कारण किंमत त्या घराने ती माळ जपली म्हणून आहे.

ज्यांच्या घरात अशी माळ किंवा पूजेचे बंदे रुपये आहेत त्यांच्यासाठी सांगायचं ते इतकंच. मोडीला देण्याआधी एकेका रुपयाचं साल कागदावर उतरवून घ्या आणि दोन वेगळ्या जाणकारांना दाखवा. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवू नका, त्यांतून काही वर्षांनी हिरवा चिकट थर येतो. साधं कोरडं सुती कापड किंवा कागदाची पाकिटं बरी. बोटं नाण्याच्या कडेला लावा, चेहऱ्याला नको. आणि येत्या धनत्रयोदशीला चिंचेचा कोळ करायच्या आधी तबकातले रुपये एकदा भिंगाखाली धरा. त्यांत १८६२ चा ठिपकेवाला किंवा १९११ चा हत्तीवाला निघाला, तर या वर्षी त्याला आंघोळ न घालताच हळदकुंकू वाहा.